एकाच खोऱ्याची दोन गिऱ्हाइकं : भारत आणि पाकिस्तानची ज्यूट आयात



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा पोत्यावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असं कुणाला वाटलं तर ते रास्तच आहे. अधिकार एवढाच, की पोतं आम्ही डोक्यावर घेतलेलं आहे. लहानपणी पावसात शाळेत जाताना छत्री नव्हतीच, गोणपाटाची खोळ होती. पोत्याचा एक खालचा कोपरा दुसऱ्यात खोचला की झाली खोळ. तिच्या ओल्या वासाला नाव देता येत नाही, पण इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना तो आत्ता आठवला असेल.

आज हरसूलला येताना दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, वर उतारावर नागली, वरई. हे भात दिवाळीच्या आगेमागे निघतं. घरचं खायला कणगीत जातं, आणि विकायचं ते खरेदी केंद्रावर. तिथे पहिला प्रश्न भावाचा नसतो, ओलाव्याचाही नसतो. पहिला प्रश्न असतो, "बारदान आलंय का?" २०२०-२१ च्या हंगामात राज्यात ठिकठिकाणी भात तयार, शेतकरी तयार, काटा तयार, आणि बारदान नाही म्हणून मोजणी थांबलेली, अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. पोतं नाही म्हणून धान्य विकलं जात नाही! हे कसं काय? त्याचा शोध घेत गेलं, तर माणूस हुगळीच्या काठावरून निघतो आणि कराचीच्या बंदरापर्यंत पोहोचतो. आज तोच प्रवास करायचा आहे.

आधी शब्दांची साफसफाई, ती आमची जुनी खोड. वर्तमानपत्रात 'ताग' लिहितात ते ज्यूटसाठी. पण नाशिककडचा शेतकरी ताग म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पिवळ्या फुलांचं, हिरवळीच्या खतासाठी गाडायचं पीक असतं. ती वेगळी वनस्पती, तिला बोरू किंवा सणही म्हणतात. म्हणून आज आम्ही ज्यूटला ज्यूटच म्हणू. आणि तिसरी आपली अंबाडी. पाल्याची भाजी कण्या घालून खायची, आणि काड्या पाण्यात कुजवून, साल सोलून वाख काढायचा. दावी, कासरे, चऱ्हाटं त्याचीच. व्यापारात या तिघांना मिळून मऊ तंतू म्हणतात, कारण ते खोडाच्या सालीतून निघतात. घायपाताचा वाख पानातून निघतो, तो हाताला टोचतो, तो कठीण तंतू. जगभरच्या जकात खात्यांच्या वर्गवारीत ज्यूट आणि हे बाकीचे सालीचे तंतू ५३०३ या एकाच शीर्षकाखाली येतात. म्हणजे तुमच्या बांधावरची अंबाडी आणि नारायणगंजचं ज्यूट सरकारदरबारी एकाच घरातले.

ज्यूटच्या गिरणीचा जन्म मात्र ना नारायणगंजचा ना कलकत्त्याचा. तो स्कॉटलंडमधल्या डंडीचा. तिथे रशियाहून येणाऱ्या जवसाच्या आणि हेंपच्या तंतूवर कापड विणत. ज्यूट कोरडं, यंत्रावर तुटायचं. देवमाशाचं तेल आणि पाणी लावलं की ते मऊ होतं हे डंडीकरांना सापडलं, आणि १८५३ ते ५६ च्या क्रिमियन युद्धात रशियाचा माल अडला तेव्हा बंगालच्या ज्यूटचं नशीब उघडलं. १८५५ मध्ये हुगळीकाठी रिश्रा इथे जॉर्ज ऑकलंड याने विश्वंभर सेन यांच्या भांडवलाच्या साहाय्याने पहिली गिरणी घातली. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत नदीच्या दोन्ही काठांवर शंभरावर गिरण्या उभ्या राहिल्या. ज्यूट मात्र पिकायचं मुख्यतः पूर्वेला. मैमनसिंग, ढाका, फरीदपूर. पुराचं पाणी, गाळाची जमीन, आणि कुजवायला साठलेलं पाणी हवं तितकं. होडीने, आगगाडीने माल पश्चिमेला यायचा. एकाच प्रांतात एक भाग शेत, दुसरा भाग गिरणी.

आणि मग १९४७.

रॅडक्लिफच्या रेषेने पंजाबात काय केलं ते आपण नेहमी ऐकतो. बंगालात तिने आणखी एक केलं. ज्यूटच्या पिकाचा साधारण तीन-चतुर्थांश भाग पूर्व बंगालात, म्हणजे पाकिस्तानात गेला. गिरण्या एकूणएक भारतात राहिल्या. पूर्व बंगालात एकही ज्यूट गिरणी नव्हती. आमच्या न्यायशास्त्रात कार्यकारणाचं ठरलेलं उदाहरण आहे, तंतू आणि पट. वस्त्राचं समवायी कारण तंतू. विणकर आणि त्याचा माग हे निमित्त कारण. आम्ही तीस वर्षं हे फळ्यावर लिहीत होतो आणि मुलं जांभया देत होती. त्यांना एकदा सांगायला हवं होतं, की बाबांनो, १९४७ साली समवायी कारण एका देशात गेलं आणि निमित्त कारण दुसऱ्या देशात!

यातली गंमत अशी की आयात लगेच सुरू झाली नाही. दोन्ही देशांनी ठरवलं होतं, की काही महिने जकातीच्या बाबतीत जैसे थे. ही मुदत फेब्रुवारी १९४८ अखेर संपली आणि १ मार्च १९४८ पासून दोघांनी एकमेकांना परका मुलूख मानायला सुरुवात केली. म्हणजे २९ फेब्रुवारीला, ते लीप वर्ष होतं, ज्याला वाहतूक म्हणत होते त्यालाच दुसऱ्या दिवशी आयात म्हणू लागले. तीच नदी, तीच होडी, तेच ज्यूट. ही तारीख लक्षात ठेवा, तिची जोडीदार तारीख पुढे येणार आहे.

मे १९४८ मध्ये करार झाला. पाकिस्तानने वर्षाला ५० लाख गाठी द्यायच्या. ज्यूटची गाठ म्हणजे ४०० पौंड, १८० किलो. भारतातलं स्वतःचं पीक तेव्हा १७ लाख गाठींच्या आसपास, आणि गिरण्यांची भूक साठ लाखांच्या वर. तेव्हा हे काही सठीसामाशी घेतलेलं उसनं पीठ नव्हतं, गिरण्यांचा रोजचा शिधाच शेजारच्या घरातून यायचा होता.

१८ सप्टेंबर १९४९ ला ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं. पाठोपाठ भारतानेही रुपया तितकाच उतरवला. पाकिस्तानने नकार दिला. तोवर दोन्ही रुपये बरोबरीचे होते. आता १०० पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये मोजायचे. म्हणजे काल १०० रुपयांना पडणारं ज्यूट आज १४४ ला. भारताने हा दर मानायलाच नकार दिला. व्यापार ठप्प. वर्षअखेरीला भारताने कोळसा रोखला. तिकडे ज्यूट गोदामांत पडून, इकडे गिरण्यांनी कामाचे तास घटवले, काही माग झाकून ठेवले. आणि सीमेवर चोरट्या व्यापाराची चांदी.

आमच्याकडे हा प्रसंग बहुधा 'पाकिस्तानचा आडमुठेपणा' म्हणून सांगतात. आम्हाला ते पटत नाही. ज्याच्याकडे विकायला कच्चा माल आहे आणि यंत्रं विकत आणायची आहेत, त्याने आपला पैसा स्वस्त का करावा? त्यांचा हिशेब त्यांच्या जागी बरोबर होता. आपलाही आपल्या जागी बरोबर होता, डॉलरच्या बाजारात आपला माल महाग पडून चालणार नव्हतं. दोन बरोबर हिशेब एकमेकांसमोर उभे राहिले, आणि मधे भरडला गेला मैमनसिंगचा ज्यूटवाला शेतकरी आणि हुगळीकाठचा गिरणी कामगार.

कोंडी फुटली ती हळूहळू. एप्रिल १९५० मध्ये मालाच्या बदल्यात माल असा तात्पुरता करार झाला. जूनमध्ये कोरियाचं युद्ध पेटलं. वाळूच्या पिशव्यांपासून धान्याच्या पोत्यांपर्यंत ज्यूटला जगभर मागणी आली आणि पाकिस्तानला गिऱ्हाइकांची वाण राहिली नाही. शेवटी फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने पाकिस्तानी रुपयाचा दर मान्य केला. तेव्हा आपले अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, रायगडाजवळच्या नाते गावचे. एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. हेच देशमुख फाळणीच्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, आणि जून १९४८ पर्यंत हीच रिझर्व्ह बँक पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती. भारतीय नोटांवरच 'पाकिस्तान सरकार' असे शब्द छापून त्या तिकडे चालत होत्या. ज्या माणसाने एकाच बँकेतून दोन्ही घरांचे पैसे सांभाळले, त्यालाच पुढे मान्य करावं लागलं की शेजारचा रुपया आपल्या रुपयाहून भारी आहे.

पण कोंडी फुटेपर्यंत भारताने दुसरी वाट धरली होती. आपणच ज्यूट पिकवायचं. पश्चिम बंगाल, आसाम, बिहार, ओरिसा. १९५०-५१ मध्ये पीक ३३ लाख गाठींवर गेलं, पुढच्याच वर्षी ४६ लाखांच्या वर. जोडीला अंबाडी. सरकारी भाषेत तिला 'मेस्टा' म्हणतात. आंध्रात भीमुनिपट्टणमच्या बाजूला ती व्यापारी पीक होतीच, महाराष्ट्रातही होती. ज्यूट कमी पडलं तर अंबाडीचा वाख मिसळायचा. म्हणून आजही सरकारी तक्त्यात ज्यूट आणि मेस्टा यांची बेरीज एकत्र मांडतात. आपल्या बांधावरच्या भाजीला राष्ट्रीय आकडेवारीत जागा मिळाली ती ही अशी.

हे यशच होतं. पण इथे हरसूलला, भाताच्या मुलखात बोलताना त्याची किंमत सांगायलाच हवी. ज्यूट मागतं तीच जमीन आणि तेच पाणी, जे भात मागतं. बंगालात ज्यूट वाढलं ते बरंचसं औस भाताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरायच्या भाताच्या जमिनीवर. पश्चिम बंगालचं म्हणणं होतं, भाताची जमीन ज्यूटला देतो, पण मग तांदूळ तुम्ही पुरवा. केंद्राने तसं आश्वासन दिलं. आणि त्याच वर्षांत देश परदेशातून धान्य आणत होता. तंतूची आयात वाचवण्यासाठी आपण काही प्रमाणात अन्नाची आयात वाढवली, असाच त्याचा अर्थ. बोटीतून उतरलेलं ते धान्य देशात फिरवायला पुन्हा पोती लागलीच! स्वावलंबन हा शब्द आम्हालाही प्रिय आहे. पण स्वावलंबन कशात आणि कशाच्या बदल्यात, हे विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ येत नाही.

पाकिस्तानने उलट बाजूने तेच केलं. आपल्याकडे शेत आहे, आता गिरणी हवी. नारायणगंजला आदमजी गिरणी १९५१ मध्ये सुरू झाली. हे आदमजी मूळ काठेवाडातल्या जेतपूरचे मेमन, फाळणीपूर्वी त्यांची गिरणी कलकत्त्यात होती. नारायणगंजची गिरणी वाढत वाढत जगातली सर्वांत मोठी ज्यूट गिरणी म्हणवली गेली. पूर्वेचा कच्चा माल पश्चिम पाकिस्तानातही जाऊ लागला. मुझफ्फरगडसारख्या ठिकाणी साठच्या दशकात गिरण्या निघाल्या, पंजाबच्या गव्हाला पोती पुरवण्यासाठी. हा सगळा व्यवहार देशातल्या देशात. ज्यूट विकून येणारं परकीय चलन मात्र पश्चिमेकडे खर्च होतं, ही पूर्व बंगालची तक्रार वाढत गेली. शेख मुजीबुर रहमान यांनी १९६६ मध्ये जे सहा मुद्दे मांडले त्यात परकीय चलनाचे हिशेब वेगळे ठेवा, हाही एक होता. त्या मुद्द्यामागे ज्यूट आहे हे विसरून चालत नाही.

१९६५ च्या युद्धानंतर भारत आणि पाकिस्तान यांचा व्यापार बंद पडला. भारतीय गिरण्यांना पूर्वेचं ज्यूट मिळेना, पण आता त्यावाचून अडत नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी गेलेली भाताची जमीन इथे कामी आली, हेही प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे.

आता ती जोडीदार तारीख. १६ डिसेंबर १९७१. बांगलादेश स्वतंत्र झाला. आपल्याकडे त्या दिवसाचा अर्थ विजय. पण मुझफ्फरगडच्या गिरणीच्या दृष्टीने पाहा. आदल्या दिवशीपर्यंत चितगावहून कराचीला येणारं ज्यूट म्हणजे वाहतूक होती. त्या दिवसापासून ती आयात. भारताला जे १ मार्च १९४८ ला झालं, तेच पाकिस्तानला चोवीस वर्षांनी झालं. तेच ज्यूट, तेच खोरं, फक्त घायकुतीला येण्याची पाळी बदलली. पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता दिली ती फेब्रुवारी १९७४ मध्ये. पण गहू राजकारणासाठी थांबत नाही, तो एप्रिल-मेमध्ये काढणीला येतोच.

दोन शेजाऱ्यांची तुलना करायची तर ती इथून करावी. दोघांनाही एकच धक्का बसला, दोघांनीही वेगळं उत्तर दिलं. भारताकडे ओली जमीन होती, म्हणून त्याने पीक घेतलं. आज आपण जगात सर्वाधिक ज्यूट पिकवतो, आणि तरी बांगलादेशाकडून घेतो. का? कारण सुबक, लांब, चकचकीत तंतू तिकडे अधिक निघतो, आणि एखाद्या साली आपलं पीक बुडालं की भाव भडकतो. आपली आयात म्हणजे पानातलं लोणचं, कधी जास्त कधी कमी. पाकिस्तानकडे कालव्याचं पाणी आहे, पण ज्यूटला हवी तशी दमट हवा आणि साचलेलं पाणी नाही. नाव घ्यावं अशी लागवड तिथे झालीच नाही. त्यामुळे त्याची आयात म्हणजे पानातला भातच. गिरणीत जाणारा कच्चा तंतू जवळजवळ सगळा बाहेरचा, आणि तो बांगलादेशाचा.

दुसरा फरक कायद्याचा. भारतात १९८७ च्या कायद्याने धान्य आणि साखर किती प्रमाणात ज्यूटच्याच पोत्यात भरायची ते सरकार ठरवतं. गेली काही वर्षं धान्य पूर्ण आणि साखर वीस टक्के, असं ते प्रमाण आहे. गिरणीला गिऱ्हाईक बांधून दिलेलं. पाकिस्तानात सगळं झुलतं ते सरकारच्या गहू खरेदीवर. शंभर किलोचं ज्यूटचं पोतं आणि पन्नास किलोचं प्लॅस्टिकचं, दोन्ही तिथे चालतात, आणि प्लॅस्टिक पुढे सरकतंय. २०२४ मध्ये तिथल्या पंजाब सरकारने गहू खरेदीतून हात आखडता घेतला, शेतकरी रस्त्यावर आले. त्यांची घोषणा काय होती माहीत आहे? बारदाना द्या! अगदी हाच शब्द. फारसीत 'बार' म्हणजे ओझं. आपलं बारदान आणि त्यांचं बारदाना एकाच घरचे. हरसूलचा शेतकरी आणि साहिवालचा शेतकरी समोरासमोर आले तर बाकी भाषा कळो न कळो, हा शब्द दोघांना कळेल, आणि त्याच्या मागचं ताटकळणंही.

आपल्या कायद्याची दुसरी बाजू मात्र आपण २०२० मध्ये पाहिली. मार्चअखेरीला टाळेबंदीत बंगालच्या गिरण्या बंद झाल्या. मे महिन्यात अम्फान वादळाने उभ्या ज्यूटला झोडपलं. पोती निघेनात. मग सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्यांना, एकदा वापरलेल्या बारदानालाही परवानगी दिली. कच्च्या ज्यूटचे भाव इतके चढले की सप्टेंबर २०२१ मध्ये क्विंटलला ६,५०० रुपयांची मर्यादा घालावी लागली, ती मे २०२२ मध्ये उठवली. पिकात पहिला क्रमांक असलेल्या देशाची ही गोष्ट, बरं का. आपल्या केंद्रावर मोजणी थांबली तिचं एक टोक त्या वादळात होतं.

आणि विकणारा? तो काही कायमचा हात जोडून उभा नाही. बांगलादेशाने २०१० मध्ये स्वतःचा सक्तीच्या ज्यूट पोत्यांचा कायदा केला, आणि २०१५ च्या अखेरीस कच्च्या ज्यूटची निर्यात काही महिने थांबवली. एका आदेशाने भारत आणि पाकिस्तान दोघेही रांगेत. त्यांनाही आपल्याच गिरण्या जगवायच्या आहेत; आदमजी २००२ मध्ये बंद पडली, ती जखम ताजी आहे. आपणही काही कमी नाही. जानेवारी २०१७ मध्ये बांगलादेश आणि नेपाळच्या ज्यूटच्या सुतावर, कापडावर, पोत्यांवर जादा शुल्क बसवलं. कच्चं ज्यूट मात्र मोकळं ठेवलं. १९४७ सालचीच विभागणी पुन्हा पाहा: तंतू तुम्ही द्या, विणू आम्ही.

शेवटचा प्रसंग, अगदी अलीकडचा, आणि महाराष्ट्रातला. २७ जून २०२५ ला भारताने आदेश काढला. बांगलादेशाचं ज्यूट, सालीचे इतर तंतू, त्यांचं सूत, काही प्रकारचं कापड, हे कोणत्याही खुष्कीच्या नाक्यावरून आत येणार नाही. यायचं तर एकाच बंदरातून, न्हावाशेवा. ऑगस्टमध्ये त्या यादीत दोर आणि पोतीही आली. बेनापोलच्या नाक्यापासून कलकत्ता ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. तिथल्या गिरणीला लागणारा तंतू आता चितगावहून निघून, लंकेला वळसा घालून, अलिबागच्या बाजूने उरणला उतरवायचा आणि मग सगळा देश ओलांडून परत हुगळीला न्यायचा. हा रस्ता दाखवला आहे तो कुणी जावं म्हणून नव्हे, हे सांगायला नको. दोन्ही देशांत जे बिघडलं त्याची कारणं आहेत, आम्ही त्यात शिरत नाही. पण नकाशा डोळ्यांपुढे आणा. नोव्हेंबर २०२४ मध्ये कराची आणि चितगाव यांच्यात थेट मालवाहू जहाज सुरू झालं, १९७१ नंतर पहिल्यांदाच. म्हणजे पाकिस्तानला जाणारं ज्यूट लंकेला वळसा घालून अरबी समुद्रात येतं, आणि कागदावर तरी भारताचंही आता त्याच वाटेने. ज्या मालाला १९४७ पूर्वी एक नदी उतरली की पुरत होतं.

आज सभागृहात कुणीतरी अंबाडीच्या वाखाची एक पेंडी आणून ठेवली आहे. आम्ही मघापासून ती हातात धरून बोलतोय. घरच्या बांधावरची आहे म्हणे, गणपतीनंतर कापून ओढ्यात कुजवलेली. ज्यांना अजून ती सोलता येते त्यांनी पुढे यावं, तरुण मंडळींना दाखवावं. आणि यंदाच्या भात खरेदीबद्दल, बारदानाबद्दल ज्यांना बोलायचं आहे त्यांनी जरूर बोलावं. आम्ही आता खाली बसतो आणि ऐकतो.